२०२२ मध्ये लॉन बोल्सच्या फायनलमध्ये भारताला हरवणारे मॅकह्यू आणि मॅक्लुअर कोण?

बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या 'फोर्स'मध्ये (चौघाचौघांच्या संघांचा प्रकार) उत्तर आयर्लंडने भारताला १८-५ हरवलं. त्या संघातल्या मार्टिन मॅकह्यू आणि इयन मॅक्लुअर यांनी याच प्रकारात १९९८ ला क्वालालंपूरलाही सुवर्ण जिंकलं होतं. मध्ये तब्बल २४ वर्षं!

हे जमतं, कारण इथे ताकद दुय्यम. हिरवळीवर 'बोल' म्हणजे मोठा चेंडू घरंगळत 'जॅक' या छोट्या चेंडूजवळ न्यायचा, असा हा खेळ. बोल एका बाजूला ओढणारा असतो, वेग मरताना जास्त वळतो. त्यामुळे 'वजन', म्हणजे टाकण्याचा जोर, जरा कमी पडलं की तो जॅकच्या अलीकडेच आत वळून थांबतो. 'फोर्स'मध्ये प्रत्येकाला एका एंडला (फेरीला) दोनच बोल. तिथे अनुभवच कामी येतो.

एक गोंधळ टाळा: राष्ट्रकुलात फक्त उत्तर आयर्लंड खेळतो, जागतिक स्पर्धेत मात्र अख्ख्या आयर्लंडचा एकच संघ.