वजनकाट्याला गाठ दिसत नाही

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री वाचला. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए-१ जनुकातला दोष तुझ्यात आहे, असा रिपोर्ट येऊन चार महिने झाले. सात किलो उतरवलेस, रात्रीचं जेवण सोडलंस, दोन महिने पाळी नाही. आणि स्तनांचा एमआरआय? "अजून थोडं वजन उतरू दे, मग करते." हे वाचून मी उठून बसले.

एमआरआयची तारीख आधी घे. बाकी सगळं मागाहून.

चरबीतून येणारं लेप्टिन स्तनाच्या कर्करोगाला खतपाणी घालतं, हे तू वाचलंस ते खोटं नाही. हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, त्याला आवर घालणारं दुसरं संप्रेरक, ॲडिपोनेक्टिन, घटतं. पाळी कायमची गेल्यावर तर स्तनाच्या पेशींना वाढायला लावणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरकही मुख्यतः चरबीतच तयार होतं. बीआरसीए जनुकांचं काम तुटलेला डीएनए सांधण्याचं. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०२३ मध्ये या जनुकांत दोष असलेल्या स्त्रियांच्या स्तनांतल्या पेशी तपासल्या, तेव्हा वजन जास्त असलेल्यांच्या पेशींत डीएनएची मोडतोड जास्त आढळली. सांधणारा आधीच अधू, त्यात मोडतोड वाढलेली. म्हणून तर वजन सांभाळ असं मीच तुला सांगितलं होतं.

पण सांभाळ म्हणाले, उपाशी राहा म्हणाले नव्हते! पोट रिकामं राहिलं की लेप्टिन कोसळतं, मेंदूला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं आणि तो पाळी थांबवतो. तुझंही तेच झालं असावं. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, पाळी अशी थांबली की हाडं कमकुवत होतात. आणि आज रात्री जेव.

जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपातल्या, ज्यू कुटुंबांचा अभ्यास मांडला. दोष तेच, पण १९४० पूर्वी जन्मलेल्यांत पन्नाशीपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका २४ टक्के, नंतर जन्मलेल्यांत ६७. म्हणजे जनुकापलीकडेही काहीतरी आहे. किशोरवयात हालचाल भरपूर आणि अंगावर फाजील चरबी नाही, अशांना कर्करोग उशिरा झाला. उशिरा, मुली! झालाच नाही असं कुणी म्हटलेलं नाही. वयाच्या ऐंशीपर्यंत तो होण्याचा अंदाज बीआरसीए-१ मध्ये ७० टक्क्यांच्या आसपास आहे. तो आकडा काट्यावर उतरत नाही. वजनकाट्याला गाठ दिसत नाही, एमआरआयला दिसते.

मी इतकी चिडते त्याला कारण आहे. मी नव्यानेच आहारतज्ज्ञ म्हणून काम करत होते तेव्हा एक बाई माझ्याकडे यायच्या. थोरली बहीण याच आजाराने गेलेली. त्यांनी नऊ किलो उतरवले, मी तोंड भरून कौतुक केलं. "आता भीती नाही ना?" असं त्यांनी विचारलं, आणि मी "छान चाललंय तुमचं" म्हणाले. तपासणीचं एका शब्दानं विचारलं नाही. पुढच्या दिवाळीत आंघोळ करताना त्यांच्याच हाताला गाठ लागली. माझं काम आहाराचं होतं, तपासणी डॉक्टरांनी बघायची, जनुकचाचणी तेव्हा फार महाग होती. हे सगळं मी स्वतःला कितीदा समजावलं, आणि ते खरंही आहे. पण विचारायला काय लागत होतं? तेव्हापासून समोरच्या बाईला आधी तारीख विचारते, वजन नंतर. लोकांना मी हट्टी वाटते. वाटू दे.

एमआरआय एरवी पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत करतात. तुझी पाळी नाही, म्हणून थांबू नकोस. फोनवर तसं सांग, ते दिवस ठरवतील. पालथं झोपावं लागतं, आवाज फार येतो, कानात बोळे देतात. धोका टाळण्यासाठी आधीच करतात त्या शस्त्रक्रियेबद्दल आता विचारूच नकोस, त्यासाठी सावकाश बसू.

आणि धाकट्या भावाचं. हा दोष बाबांकडून आलाय, तेव्हा त्याच्यातही तो असण्याची शक्यता निम्मी. बाबा अपराधी वाटून गप्प आहेत, त्यांच्याशी मी बोलते. तू फक्त तारीख घे आणि मला कळव. बुधवार सोडून कुठलाही दिवस चालेल, मी सोबत येते. डबाही आणते.

तुझी,
मावशी