रोममध्ये एकच दिवस मोकळा आहे, सोबत सत्तरीचे वडील. पाँपेई करावं की ऑस्टिया अँटिका? तिकिटं आधी काढावीत का?

ऑस्टिया. दुसरा विचारच करू नका.

आमच्या घरी अगदी हाच वाद झाला होता आणि त्यात मी हरले होते. दादाचं म्हणणं, एवढ्या लांब येऊन ज्वालामुखीने गाडलेलं पाँपेई बघितलं नाही तर लोक काय म्हणतील! मग काय, रोमहून बस. जायला तीन तास, यायला तीन तास आणि मध्ये दोन तास गाइडच्या छत्रीमागे धावाधाव. अप्पांचे गुडघे दुखतात. ते एका उंबऱ्यावर टेकले आणि म्हणाले, "तुम्ही या बघून." ते मला अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी दादा खरेदीला गेला. मी अप्पांना घेऊन पिरामिडे मेट्रोला लागून असलेल्या स्टेशनातून लोकल पकडली, अर्ध्या तासात ऑस्टियाच्या प्राचीन शहराच्या अवशेषांत. गाइड नाही, घाई नाही. पाइनच्या सावलीत बसत, उठत चाललो.

अप्पांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. ऑस्टिया म्हणजे रोमला धान्य पुरवणारं बंदर, त्यामुळे तिथे गिरण्या असणारच, हे मला माहीत होतं. पण अप्पा त्या दगडांसमोर तासभर उभे राहतील असं वाटलं नव्हतं. खाली शंकूसारखा दगड, त्यावर डमरूसारखा दुसरा, दोन्ही ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे. डमरूच्या कमरेला चौकोनी खाचा. अप्पा वाकून बघत म्हणाले, "इथे दांडा बसायचा, जनावर जुंपायला." मग जमिनीकडे बोट केलं. तिथे रस्त्यासारखी दगडी फरशी होती. "साधी जमीन असती तर जनावरांनी गोल फिरून फिरून खड्डा पाडला असता." थोड्या वेळाने म्हणाले, "वरचा दगड दोन्हीकडून सारखाच आहे. एक बाजू झिजली की उलटा करत असणार. आपल्याला दगडाला छिन्नीने टाकी लावायला माणूस बोलवावा लागायचा." परत आल्यावर मी वाचून काढलं, तर अभ्यासकही हेच सांगतात. अप्पा सातवी शिकलेत.

पुढे नाट्यगृहामागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांपुढची मोझेइक बघितली. उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांच्या कचेरीपुढे हत्ती आहे, तो चुकवू नका. व्हिया दी दियानावरच्या खाणावळीचा संगमरवरी कट्टा अजून जागेवर आहे आणि भिंतीवर खाण्याच्या पदार्थांचं चित्र आहे. हे सगळं अप्पांनी बघितलं, पण संध्याकाळी दादाला सांगितलं ते फक्त गिरणीचं.

दादा आजही म्हणतो, तसले दगड पाँपेईतही होतेच की. होते, खरं आहे. तिथे कितीतरी बेकऱ्या आहेत. पण त्या अप्पांना दिसल्या का? जागा किती प्रसिद्ध आहे याला काय करायचं? बरोबरच्या माणसाला तिथे थांबता येतं का, एवढंच बघायचं असतं. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं.

आता एक कबूल करते. पाँपेईजवळच्या नेपल्सला मुक्काम करणार असाल तर पाँपेई जरूर करा, एका झटक्यात गाडलं गेलेलं तसं शहर ऑस्टियात दिसणार नाही. ऑस्टियातही रस्ते खडबडीत आहेत, वडिलांना चांगले बूट घाला. सोमवारी बंद असतं. तिकिटाचं म्हणाल तर आम्ही दारातच काढलं होतं, हल्लीचं तुम्ही बघून घ्या.

आणि वडिलांनी आयुष्यभर काय काम केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, ऑस्टियात त्यांना आधी कुठे न्यायचं ते सांगते.