अनहोनीच्या गरम झऱ्यावर लेकरं नेताना

दादा, मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या अनहोनी गावी पहिल्यांदाच जाताय तर नागपूरहून एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया असा रस्ता. छिंदवाड्यालाच सव्वाशे किलोमीटर होतात आणि पुढे घाट. लेकरं कंटाळतात. तामियात मुक्काम करा, सकाळी झिरपा गावाकडे निघा, अनहोनी त्याच्या जवळच. महिना डिसेंबर-जानेवारी. मे महिन्यात गरम पाण्यात कोण बसणार!

आता महत्त्वाचं. पावसाचं पाणी जमिनीत खोल मुरतं, तिथं तापतं आणि भेगांतून वर येतं. उगमापाशी ते अंग भाजण्याइतकं गरम असतं, म्हणून तिथं लेकरांचा हात सोडूच नका. अंघोळ खाली, निवलेल्या पाण्यात. आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहा. मोठ्यांना जे कोमट, ते लहानग्यांच्या कातडीला चटका देतं. आईंना बीपी असेल तर पाय बुडवले तरी पुष्कळ.

पाण्याला गंधकाचा वास येतो, घाबरू नका. मात्र मुलीचे चांदीचे पैंजण गाडीतच काढून ठेवा, काळे पडतात. ते पाणी प्यायचं नाही. प्यायला घरचं न्या. साबण नको, जुने कपडे न्या, आणि अंघोळीनंतर साध्या पाण्यानं अंग धुवायला एक कॅन भरून ठेवा.