पुण्यात पहिल्यांदा येताय? हॉस्टेल की लॉज?

एकटे असाल तर बिनधास्त हॉस्टेल घ्या, म्हणजे प्रवाशांच्या सामायिक खोलीतला एक बेड. पण हॉस्टेलचा दर माणशी एका बेडचा असतो आणि लॉजचा अख्ख्या खोलीचा. तिघं असाल तर आधी बेरीज करा. बऱ्याचदा लॉजच स्वस्त पडतं. नवखे नेमके इथेच फसतात.

दुसरी चूक पुण्यातली खास: इथे ‘हॉस्टेल’ शोधलं की विद्यार्थ्यांची महिनेवारी हॉस्टेलं निघतात. ‘बॅकपॅकर हॉस्टेल’ असंच शोधा.

- आधारकार्डावर पुण्याचा पत्ता असेल तर आधी फोन करा. काही हॉस्टेलं स्थानिकांना घेत नाहीत.
- लॉकरसाठी स्वतःचं कुलूप आणा.
- सिंहगड करायचा असेल तर स्वारगेट बसस्थानकाजवळ राहा, पहाटेची धावपळ वाचते.

पहिल्यांदा एकच रात्र बुक करा. आवडलं तर वाढवा.