दोन ड्युअल कॉइल सब, २ ओहमचा अ‍ॅम्प: जोडणी ४ ओहमचीच करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: देवगडला हॅचबॅक आहे. १२ इंची दोन सबवूफर (बासचे स्पीकर, पुढे नुसतं ‘सब’) घेतलेत, प्रत्येकी ३०० वॅट आरएमएस (सतत पेलवणारी पॉवर), ड्युअल ४ ओहम कॉइलचे, म्हणजे प्रत्येकात ४-४ ओहमच्या दोन कॉइल. मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा) अ‍ॅम्प ४ ओहमला ३०० आणि २ ओहमला ५०० वॅट देतो, त्याखाली लावू नये असं बुकलेटमध्ये छापलंय. फिटर म्हणतो, सगळ्या कॉइल पॅरलल करून १ ओहमवर टाकू, गाडी हादरेल. गणपतीच्या आधी काम उरकायचंय, टाकू का?

नका टाकू. फिटरने कितीही भरवसा दिला तरी नका.

दोन सब म्हणजे चार कॉइल, प्रत्येक ४ ओहमची. सगळ्या पॅरलल (समांतर) केल्या तर १ ओहम, सगळ्या सिरीजमध्ये (एकापाठोपाठ) केल्या तर १६. प्रत्येक सबच्या दोन कॉइल सिरीजमध्ये घेऊन (८ ओहम) मग दोन सब एकमेकांना पॅरलल केले, तर ४. आधी पॅरलल आणि मग सिरीज केलंत तरी ४च. चारही कॉइलना सारखी पॉवर मिळायची तर दुसरं काही निघत नाही. २ ओहम या जोडीतून येतच नाही. म्हणून फिटर १ ओहमवर गेला. पण १ ओहमवर त्याच व्होल्टेजला २ ओहमच्या दुप्पट करंट ओढला जातो, आणि तुमच्या अ‍ॅम्पचे मॉसफेट (करंट सोडणारे ट्रान्झिस्टर) तेवढ्यासाठी बनवलेले नाहीत. नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्टचा दिवा लागून अ‍ॅम्प बंद पडेल, नसेल तर आउटपुट जळेल.

आता तुम्ही म्हणाल, ४ ओहमवर ३०० वॅटच मिळणार, म्हणजे एका सबला १५०, मग पैसे फुकट गेले. तसं नाही. ३०० आणि ५०० वॅटमधला फरक कानाला जेमतेम २.२ डेसिबल. पॉवर दुप्पट केली तरी ३ डेसिबलच वाढतात. दुप्पट मोठा वाटावा इतका आवाज हवा तर १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. त्यापेक्षा जास्त फरक बॉक्सने पडतो. कंपनीने दिलेल्या लिटरच्या मापाचा बॉक्स आणि सांधे पक्के सील, एवढं केलंत तर १५० वॅटवरही १२ इंची सब हॅचबॅकला भरपूर होतो. आपल्याकडे बॉक्सला एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) वापरू नका. एकदा पावसाची ओल लागली की कडा फुगतात आणि सांधे सुटतात. मरीन प्लाय महाग पडतो, पण तोच घ्या.

‘कमी पॉवर दिली की सब जळतो’ हेही तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. नुसत्या कमी पॉवरने काही जळत नाही. अ‍ॅम्पची ताकद संपल्यावरही गेन (अ‍ॅम्पवरची सिग्नल वाढवायची खिट्टी) वाढवत नेला की सिग्नलची लाट वरून-खालून छाटली जाते. तेवढ्याच उंचीच्या साध्या लाटेपेक्षा पूर्ण चौकोनी लाट दुप्पट पॉवर टाकते, आणि ती कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. म्हणून गेन मीटरने लावा. इंजिन चालू ठेवा, सबच्या वायरी काढा, बास बूस्ट आणि लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट, लो-पास (वरचे सूर गाळणारा फिल्टर) ८० हर्ट्झला. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर घेऊन अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर धरा आणि गेन हळूहळू वाढवा. ३०० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६ व्होल्ट. आकडा ३४ च्या आसपास आला की थांबा. नंतर त्या खिट्टीला हात लावू द्यायचा नाही, मित्रालासुद्धा.

आता ज्यात आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त माती होते ते: वायर. मालवणच्या बंदराजवळची एक गाडी माझ्याकडे आली होती. गाणं जोरात लागलं की अ‍ॅम्प बंद. मालकाला वाटत होतं, ओहम चुकलेत. ओहम बरोबर होते. बास पडताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर ११.२. फ्यूज होल्डर उघडला तर आत हिरवट पूड, आणि वायर दाबल्यावर तारा बिस्किटासारख्या मोडल्या. वरून तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम. खाऱ्या हवेत ही वायर टिकत नाही. हिशेब करून बघा: खराब सांध्याचा रेझिस्टन्स फक्त ०.०५ ओहम धरला आणि ४५ अँपिअर वाहिले तरी सव्वादोन व्होल्ट तिथेच जातात आणि सांध्यात १०० वॅट उष्णता होते. वायर जळते ती अशीच.

त्यामुळे शुद्ध तांब्याची ४ गेज घ्या, मिळाली तर होड्यांना वापरतात ती कथलाचा लेप असलेली. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून क्रिंप करून त्यावर गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा. अर्थिंगच्या जागेचा रंग पत्र्यापर्यंत खरवडा आणि बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस लावा. अ‍ॅम्पवर जेवढ्या अँपिअरचा फ्यूज आहे तेवढाच बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लावा. ह्या फ्यूजशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. अ‍ॅम्प सीटखाली कार्पेटवर ठेवू नका. पावसाळ्यात आपल्या गाड्यांची कार्पेटं वाळतच नाहीत.

खरोखर ५०० वॅटच हवे असतील तर अ‍ॅम्पला हात लावू नका, सब बदला. त्याच मॉडेलचे ड्युअल २ ओहमचे मिळतात का विचारा. प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये घेतल्या की ४ आणि दोन सब पॅरलल केले की बरोबर २ ओहम. खोकी फोडली नसतील तर दुकानदार बदलून देईल. गेन मात्र मग ३१.६ व्होल्टला (५०० गुणिले २ चं वर्गमूळ) लावायचा. सबवर ‘मॅक्स’ म्हणून छापलेला मोठा आकडा कुठल्याच हिशेबात घेऊ नका, आरएमएसच बघा.

आणि फिटरकडे उभे राहून एक करा. जोडणी झाल्यावर, वायर अ‍ॅम्पला लावण्याआधी, तिच्या दोन टोकांवर मीटर धरा. ४ ओहमच्या जोडणीला डीसी रेझिस्टन्स थोडा कमीच दिसतो, साधारण ३.२ ते ३.७. एकच्या आसपास दिसला तर त्याने चारही कॉइल पॅरलल केल्यात, तिथेच सोडवून घ्या. सातच्या आसपास दिसला तर एक सब जोडायचा राहिलाय.