पेंढ्याचे घर: आवडता आराखडा की शाबूत राखीव निधी?
आपला प्रश्न असा आहे: पाच जणांच्या कुटुंबासाठी पेंढ्याच्या गठ्ठ्यांचे घर बांधायचे ठरले असून वास्तुविशारदांनी 120 चौरस मीटरचे दोन आराखडे दिले आहेत, एक 12 बाय 10 मीटरचा आयत आणि दुसरा अंगणाभोवती वळणारा एल आकाराचा. दुसरा घरात सर्वांना आवडला आहे. मात्र त्यासाठी आपत्कालीन निधीतील निम्मी रक्कम काढावी लागेल, आणि पेंढा स्वस्त पडत असल्यामुळे व घरच्यांचे श्रम मोफत मिळणार असल्यामुळे ती लवकर भरून निघेल, असा आपला हिशेब आहे. माझे मत आयताच्या बाजूने आहे.

पेंढा स्वस्त असतो हे खरे, पण पाया, छप्पर, दारे-खिडक्या, नळजोडणी आणि वीज यांचा खर्च त्यामुळे कमी होत नाही, आणि गठ्ठ्यांच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी जो जाड गिलावा द्यावा लागतो, त्यात मजुरी बरीच जाते. म्हणून मी आधी बाहेरच्या भिंतीची लांबी मोजली. आयताची परिमिती 44 मीटर भरते, एल आकाराची 52. गिलाव्यासह भिंत अर्धा मीटर जाड धरली, तर आयतात 99 चौरस मीटर चटईक्षेत्र हाती लागते आणि एल आकारात 95. म्हणजे आठ मीटर भिंत, तिचा पाया आणि तिचा गिलावा जास्त करून आपण चार चौरस मीटर जागा गमावणार आहात.

याहून मोठी काळजी मला छपराची वाटते. एल आकारात दोन उतार आतल्या कोपऱ्यावर मिळतात आणि पावसाचे पाणी तिथेच एकवटते. पेंढ्याचा खरा शत्रू ओल आहे. गळती झाली तर गिलावा वरून धड दिसत राहतो आणि आतला गठ्ठा कुजत जातो. दुरुस्ती उशिरा कळते आणि तेव्हा ती मोठी असते. नेमक्या त्या दिवशी निधी अर्धा असू नये. उंच जोते, पुढे आलेली वळचण आणि श्वास घेणारा, म्हणजे आतली ओल बाहेर जाऊ देणारा, चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असेल, तर असे घर टिकते: फ्रान्समधील माँतार्जी येथे 1920 मध्ये लाकडी सांगाड्यात गठ्ठे भरून बांधलेले घर आजही उभे आहे.

आयतातही दोन बदल करून घ्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाठीला पाठ लावून आतल्या साध्या भिंतीवर आणावे, म्हणजे पाण्याचा नळ गठ्ठ्यांतून जाणार नाही. भिंतींची लांबी शक्यतो गठ्ठ्याच्या पटीत ठेवावी. कापून पुन्हा बांधलेला प्रत्येक गठ्ठा वेळ खातो, आणि काम लांबेल तितके महिने आपल्याला घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरावे लागतील. आपण मोफत धरलेल्या घरच्यांच्या श्रमांचा खर्च तिथे दिसतो.

बँकेची आणि विमा कंपनीची लेखी संमती आराखडा पक्का होण्यापूर्वी घ्यावी, कारण काही संस्था अशा बांधकामाला कर्ज किंवा संरक्षण देत नाहीत.

अंगणाची आवड मात्र सोडू नका. अंगणाच्या बाजूच्या भिंतीत सांगाडा उभा करतानाच दाराएवढी चौकट बसवून ती सध्या गठ्ठ्यांनी भरून टाका. निधी पूर्ण राहून बचत साठली की तेवढे गठ्ठे काढून तिथून पुढची खोली वाढवता येईल.