निवडणूक ऑफिसला खासगी पैसा चालतो का?

प्रश्न : २०२० च्या अमेरिकन निवडणुकीत फेसबुकवाल्या झुकरबर्गने म्हणे थेट निवडणूक ऑफिसांसाठी पैसे दिले. मग निवडणूक विकत घेतली असंच ना? आणि पैसा चांगल्या कामाला लागला असेल तर बिघडलं कुठे?

उत्तर : विकत घेतली असं मी नाही म्हणणार, पण काहीच बिघडलं नाही हेही मला पटत नाही. आधी तेव्हाची परिस्थिती बघा. एप्रिल २०२०, ऐन कोरोनात विस्कॉन्सिन राज्यात मतदान. मिलवॉकी शहरात एरवी १८० च्या आसपास केंद्रं, त्या दिवशी उघडली फक्त ५, कारण ड्युटीला माणसंच मिळेनात, आणि लोक मास्क लावून तासन् तास लाइनीत उभे. तिथल्याच ग्रीन बे शहरात तर ३१ ची २ झाली! केंद्र सरकारने ४० कोटी डॉलर दिले होते पण एवढ्या मोठ्या देशाला ते कुठे पुरणार. मग झुकरबर्ग आणि त्याची बायको प्रिसिला चॅन यांनी सेंटर फॉर टेक अँड सिव्हिक लाइफ या संस्थेला जवळपास ३५ कोटी दिले, तिने ते सुमारे २,५०० ऑफिसांना वाटले, अगदी छोट्या गावांनाही. त्यातून मतपेट्या, टपाली मतांची मशीन, कर्मचाऱ्यांचे पगार असली खरी कामं झाली. हे थांबवा म्हणून कोर्टातही गेले लोक, पण तेव्हा बंदीचा कायदाच नव्हता, त्यामुळे ते थांबलं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. एका घरातून जवळजवळ सरकारएवढा पैसा येतो, आणि कोणाला आधी, कोणाला किती, हे मतदारांनी न निवडलेली संस्था ठरवते. जुलैमध्ये सुरुवातीलाच ६३ लाख डॉलर गेले ते विस्कॉन्सिनच्या ५ शहरांना, आणि तिथे जोर डेमोक्रॅट्सचा, मग समोरच्याच्या मनात शंका येणारच ना, हेतू कितीही चांगला असू दे. उद्या उलट्या विचाराच्या अब्जाधीशाने हेच केलं तर आज टाळ्या वाजवणारे गप्प बसतील का?

नंतर दोन डझनांहून जास्त राज्यांनी असा पैसा बंद केला किंवा त्यावर निर्बंध आणले. विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०२४ ला मतदारांनीच राज्यघटनेत तशी दुरुस्ती केली, पण त्या दुरुस्तीत ऑफिसांना पैसे कुठून मिळणार याचा एक शब्द नाही. पेनसिल्व्हेनियाने २०२२ मध्ये हे नीट केलं, खासगी पैसा बंद आणि त्याच कायद्यात काउंट्यांसाठी (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) सरकारी तिजोरीतून ४.५ कोटी डॉलर. माझ्या मते बंदी घालायची तर अशीच.